एकाच नावाचे तिघे

सोमवारी सकाळी दहा वाजून सव्वीस मिनिटांनी तिन्ही खोल्यांतले लाल दिवे लागले, आणि मधल्या खोलीत आत्याचं वाचन प्रकरणाच्या ऐन मध्यावर थांबलं.

ते बोलक्या पुस्तकांचं कार्यालय होतं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी इथे पुस्तकं आवाजात उतरवली जात. दुसऱ्या मजल्यावर लांब बोळ, बोळाच्या एका अंगाला तीन चिमुकल्या खोल्या. भिंतींना आतून करडा फोम, दाराला दुहेरी काच, आत एक टेबल, एक माइक आणि मुद्दाम शोधून आणलेली न करकरणारी खुर्ची. पहिल्या खोलीत मास्तर बसत. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. विज्ञानाची पाठ्यपुस्तकं वाचताना ते हातवारे करत, आणि गुरुत्वाकर्षणाचा धडा आला की टेबलावर काहीतरी पाडून दाखवत. ऐकणाऱ्याला ते दिसणार नाही, हे त्यांच्या गावीही नसे. तिसऱ्या खोलीत नट. तो खराखुरा नट होता. नवं नाटक मिळेपर्यंत म्हणून रहस्यकथा वाचायला आला होता, आणि ते 'मिळेपर्यंत' गेली सहा वर्षं चाललं होतं.

आणि मधल्या खोलीत आत्या. आत्याच्या आवाजाचं काय सांगावं! उन्हात वाळलेल्या सुती चादरीसारखा तो आवाज, जरासा खरखरीत, जरासा ऊबदार, अंगावर ओढला की आपलाच वाटणारा. पंचवीस वर्षं तो आवाज लोकांच्या घराघरांतून फिरला होता. सध्या ती दीपगृहात राहणाऱ्या एका कुटुंबाची नऊशे पानी कादंबरी वाचत होती. अडतीस तास वाचून झाले होते. प्रकरणं जसजशी पुरी होत तसतशी बाहेर जात, आणि लोक पुढच्या प्रकरणासाठी खोळंबून बसत. मालिश करून पोट भरणारी एक बाई तर दर आठवड्याला फोन करून विचारायची, "धाकटी परत येते का हो? तेवढंच सांगा. बाकीचं मी ऐकेन."

पण गेल्या दोन महिन्यांत आत्याच्या घशात काहीतरी उगवलं होतं. जिवाला धोका नव्हता, पण शनिवारी शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बोलता येईल, चांगलं बोलता येईल. पण हाच आवाज परत येईल असं मी म्हणणार नाही." सध्या सकाळी वाफ घेतली की आवाज पाऊण तास टिकायचा. सलग वाचलं तरच. एकदा थांबली की गळा मिटायचा, तो थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. बाकी दिवसभर बोलायचंच नाही. गळ्यात दोरीने पेन अडकवायचं, हातात वही धरायची आणि मनातलं लिहून दाखवायचं.

सोमवार ते शुक्रवार, पाच सकाळी. प्रकरणं चार. एक दिवस हाताशी शिल्लक होता. तो लाल दिव्याने खाल्ला.

आत्या बाहेर आली. गळ्यावर हात ठेवून तिने मान हलवली, वही उघडली आणि लिहिलं, "आजचं दळण इथेच आटोपलं." मग जरा थांबून खाली लिहिलं, "कोणाचं अडकलं?"

"माझंच हो," पहिल्या खोलीच्या दारात उभे राहून मास्तर म्हणाले. त्यांच्या हातात माइकच्या वायरीचं टोक होतं. "भोवरा कसा फिरतो ते सांगत होतो. हात जरा लांब गेला."

बोळाच्या दुसऱ्या अंगाला काचेआड दोन टेबलं होती. एकावर ध्वनितंत्रज्ञ. माणसाच्या पोटातली गुरगुरही त्यांना हेडफोनमधून ऐकू यायची, म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. दुसऱ्या टेबलावर भाची, आत्याच्या भावाची मुलगी. हुद्दा नोंदणी कारकून. कोणतं पुस्तक, किती तास, कोणी वाचलं, हे लिहून ठेवणं तिचं काम. लहानपणी दिसेल ते बटण दाबून पाहायची म्हणून आत्या तिला 'बटण' म्हणे. चाळिशी आली, केसांत चांदी आली, पण ते नाव काही सुटलं नाही. उलट घरातून निघून ऑफिसातही येऊन बसलं.

"काका," ती कानसेनांना म्हणाली, "अडकला एक रेकॉर्डर, मग तिघांना का झोपवता?"

"आजवर कधी विचारलं नाहीस ते?"

"आजवर आत्याचा आवाज मोजून मिळत नव्हता."

कानसेनांनी खुर्ची वळवली. "इकडे ये. बघ." त्यांच्या पडद्यावर चालू प्रोग्रॅमची यादी होती. यादीत एकाखाली एक तीन ओळी, तिन्हींचं नाव एकच. "सकाळी आपला मुख्य प्रोग्रॅम सुरू झाला की तो तीन रेकॉर्डर सोडतो. तीन खोल्यांना तीन. तिघांचं नाव एक, रूप एक, सदरासुद्धा एकच. पुढे फक्त नंबर वेगळे. आता यातला मास्तरांचा कोणता, तुझ्या आत्याचा कोणता, सांग बरं!"

"नंबरावरून नाही कळत?"

"नंबर रोज सकाळी नवा. संगणक वाटेल तो देतो. एकदा मी अंदाजाने एकाची मान मुरगळली. निघाला नेमका शहाणा, चालता-बोलता. नव्वदीच्या एका गृहस्थांची आठवणींची मुलाखत चालली होती आत. रेकॉर्डरला रीतसर थांबवलं तरच फाईल पक्की होते. मधेच मारला की काही उरत नाही. दोन तास गेले. ते गृहस्थ पुन्हा यायला म्हणून राहिले नाहीत." कानसेनांनी लाल दिव्याच्या खटक्यावर बोट ठेवलं. "तेव्हापासून नियम. एक अडकला की लाल दिवा. सगळ्यांनी हातातलं वाक्य संपवायचं, फाईल पक्की करायची, मग मी नावाने तिघांना एकदम बंद करतो."

"अडकलेला तसाच राहू दिला तर?"

"तो काय गप्प बसतो? सगळ्या यंत्राची ताकद ओरपत सुटतो. सात-आठ मिनिटांत बाकीच्यांचा आवाज तुटायला लागतो." मग त्यांनी आत्याकडे पाहिलं. "ताई, मी म्हणतो, शुक्रवारपर्यंत सकाळचा तास फक्त तुमचा ठेवू. मास्तर आणि नट दुपारी येतील."

आत्याचं पेन झरझर चाललं. तिने वही कानसेनांच्या नाकासमोर धरली. "मास्तरांच्या पुस्तकावर पोरांची परीक्षा आहे. दुपारी त्यांची शिकवणी असते. माझ्या कादंबरीसाठी त्यांची खोली बंद? पंचवीस वर्षांत मी कोणाची खुर्ची उठवली नाही, आता उठवणार नाही."

"मग फोनवर रेकॉर्ड करून घेऊ, वेळ पडली तर," नट बोळातून म्हणाला.

"फोनवर!" कानसेनांचा चेहरा कोणी थोबाडीत मारावी तसा झाला. "मग मी इथे काय माश्या मारायला बसलोय?"

भाची यातलं काही ऐकत नव्हती. तिची नजर त्या तीन ओळींवर खिळली होती. ज्याने त्यांना जन्म दिला, त्याला तरी माहीत असेलच ना कोण कुठला? ती मनाशी म्हणाली, त्यालाच विचारलं पाहिजे.

तो मुख्य प्रोग्रॅम जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला होता. लिहिणारा प्रोग्रॅमर अकरा वर्षांपूर्वी दुसरी नोकरी धरून निघून गेला, त्यानंतर त्या लिखाणाला कोणी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग कशाला खाजवा, असं सगळ्यांचं मत. भाचीला जावा येत होती. संध्याकाळच्या वर्गात जाऊन, आणि वर्ग सुटल्यावर घरी ओट्याशी उभं राहून, एका हातात झारा आणि एका हातात पुस्तक धरून ती शिकली होती. प्रमाणपत्र फायलीत होतं, फाईल कपाटात होती, आणि ऑफिसात ती नोंदणी कारकूनच होती.

त्या दुपारी तिने मुख्य प्रोग्रॅम उघडला. रेकॉर्डर बंद करायच्या जागी त्या जुन्या प्रोग्रॅमरने एक टीप लिहून ठेवली होती: 'सुरू केलेल्या बाहेरच्या प्रोग्रॅमचा नंबर जावा सांगत नाही. म्हणून नावाने बंद करावे.'

अकरा वर्षं ही टीप दगडावरच्या लेखासारखी होती. कानसेनांनीही ती ऐकलेली, नटालाही ठाऊक. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "जावा नंबर सांगत नाही गं." जणू जावा ही घरातली तोंडाला कुलूप लावून बसलेली थोरली जाऊ.

"काका, मधे दोनदा संगणक बदलले ना आपण?"

"बदलले की. मीच आणले."

"आणि जावा?"

"नव्या यंत्रावर नवी येते. त्यात काय!"

त्यात काय म्हणता, सगळं त्यातच होतं. टीप लिहिली तेव्हा ती खरी होती. पण मधल्या वर्षांत जावा बोलायला लागली होती. आता बाहेरचा प्रोग्रॅम सुरू केला की त्याच ओळीखाली सरळ विचारता येत होतं, बाई गं, याचा नंबर काय? आणि ती सांगतही होती. कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

भाचीने तीन ओळी लिहिल्या. पहिल्या खोलीचा नंबर, मधल्या खोलीचा नंबर, तिसऱ्या खोलीचा नंबर. तिन्ही लक्षात ठेवायचे आणि पडद्यावर दाखवायचे. प्रत्येक नंबरापुढे एक बटण, 'हा एकच थांबवा आणि पुन्हा सुरू करा'. मंगळवारी आत्याचं प्रकरण विनाविघ्न पार पडलं. दुपारी खोल्या रिकाम्या झाल्यावर तिने नवा प्रोग्रॅम लावला, मास्तरांच्या रिकाम्या खोलीतला रेकॉर्डर चालू ठेवला आणि कानसेनांना हाक मारली.

"बघा हं, काका."

तिने बटण दाबलं. दोघे पडद्याकडे पाहत राहिले. पहिल्या खोलीचा नंबर यादीतून गेला. आणि रेकॉर्डर? रेकॉर्डर मजेत चालू होता. त्यातच त्याच खोलीचा दुसरा सुरू झाला. तिघांचे चार झाले.

कानसेनांना हसू आवरेना. "वा, बटणबाई! मारायला गेलीस आणि वंश वाढवून आलीस!"

तिने पुन्हा दाबलं. चाराचे पाच. नट कपड्यांची पिशवी खांद्याला लावून घरी निघाला होता, तोही काचेला नाक लावून उभा राहिला. "बारसं कधी?" त्याने विचारलं.

घरी जाताना ती आत्याच्या चार पावलं पुढे चालत राहिली. मागून हाक मारायला आत्याला आवाज नव्हता. दोघी एकाच घरात राहत. भाचीची आई ती लहान असताना गेली, तेव्हापासून आत्याने तिला वाढवलेली. घरी आल्यावर आत्याने ताट वाढलं, समोर बसली आणि वहीत लिहिलं, "सांग."

"काय सांगू? मेला नंबर तर बरोबर मिळतो. नंबराला मारते, तर भलतंच कोणी मरतं. रेकॉर्डर आहे तिथेच."

"भलतंच म्हणजे कोण?"

भाची विचारात पडली. खरंच, कोण? तिने ताट बाजूला सारलं आणि मनातल्या मनात ती वाट पुन्हा चालली. मुख्य प्रोग्रॅम रेकॉर्डरला थेट हाक मारतच नव्हता. आधी एक चिमुकली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, चालू व्हायची, चार ओळींची. ती खोलीचा माइक निवडायची, आवाजाची पातळी लावायची, आणि शेवटच्या ओळीत रेकॉर्डर सुरू करून द्यायची. मग स्वतः नुसती वाट पाहत बसायची. जावाने सुरू केली ती ती स्क्रिप्ट. म्हणून जावाने नंबर सांगितला तोही तिचाच. रेकॉर्डरचा नंबर वेगळाच.

हे तिने आत्याला हातवारे करून, चमचा-वाटीला स्क्रिप्ट-रेकॉर्डर करून समजावलं. आत्या लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने पेन उचललं. जात्यावर बसावं तशी डावीकडे-उजवीकडे किंचित झुलत तिने दोन ओळी लिहिल्या. ही तिची सवयच होती. गळा बंद झाल्यापासून तिच्यातल्या ओव्या वहीत उतरत होत्या.

दारी धरिला गं हात, तो तर दारवानाचा
आत बसून हसतो, धनी गं त्या घराचा

भाचीने वाचलं आणि आधी हसली. मग तिचं हसू एकदम थांबलं. "आत्या! अगं, दारवान आणि धनी वेगळे कशाला हवेत?"

आत्याने भुवया उंचावल्या.

"दारवानाने दार उघडलं, दिवे लावले, काम झालं ना त्याचं? मग त्याने आपल्याच जागेवर, आपल्याच नंबरासकट धनी होऊन बसायचं! दुसरा माणूस आत सोडायचाच नाही."

असं करायला एक शब्द होता, आणि तो तिला वर्गात शिकवलेला होता. त्या वेळी परीक्षेपुरता पाठ करून विसरलेला. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत, रेकॉर्डरच्या नावाआधी, 'एक्झेक' एवढंच लिहायचं. मग स्क्रिप्ट रेकॉर्डरला पोटातून वेगळा जन्म देत नाही. ती स्वतःच रेकॉर्डर होते. कात टाकावी तशी आधीची ओळख गळून पडते, नंबर मात्र तोच राहतो. आणि जावाला तो माहीत असतो.

आत्याने वही पुढे ओढली. "मला अर्धंच कळलं. पण तुझा चेहरा बघून बाकीचं कळलं. जेव आता."

बुधवारी दुपारी तिने तो शब्द लिहिला. या वेळी कानसेनांना हाक मारली नाही. एकटीनेच बटण दाबलं. पहिल्या खोलीचा रेकॉर्डर गेला, खरोखर गेला, आणि त्याच्या जागी नवा आला, नव्या नंबराचा. बाकीचे दोन जागचे हलले नाहीत. तिने पुन्हा दाबलं, मग तिसऱ्या खोलीचा, मग मधल्या खोलीचा. वीसदा दाबलं. वीसदा नेमका तोच गेला. त्यानंतरच ती कानसेनांना म्हणाली, "काका, सवड असेल तर बघा."

कानसेनांनी पाहिलं. या वेळी हसले नाहीत. हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "रिकाम्या खोलीत ठीक आहे. माणूस बसलेला असताना दाबवेल तुझ्याच्याने?"

तिलाही तोच प्रश्न पडला होता.

गुरुवार सरळ गेला. तीन प्रकरणं झाली. शुक्रवारी शेवटचं.

शुक्रवारी सकाळी आत्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ वाफ घेतली. गडद निळी साडी नेसली, जशी ती काही खास असलं की नेसायची. मधल्या खोलीत जाऊन बसली, पुस्तकाची पानं सारखी केली, वही शेजारी ठेवली, आणि काचेतून भाचीकडे पाहून मान हलवली. नऊ पन्नासला तिने सुरुवात केली.

त्या दिवशी आवाज असा लागला होता, की कानसेन पातळीची बटणं फिरवायचं विसरून नुसते ऐकत राहिले. दीपगृहातली म्हातारी पायऱ्या चढत होती, एकेक पायरी, एकेक श्वास, आणि त्या पायऱ्या आत्याच्या आवाजात जिवंत झाल्या होत्या. दहा दहा झाले. दहा वीस झाले. पंधरा पानं राहिली. भाचीने घड्याळावरची नजर काढून घेतली. पाहिलं की ते हळू चालतं.

दहा बावीसला पहिल्या खोलीत मास्तर लंबकावर आले.

धप्प असा आवाज कानसेनांच्या हेडफोनमध्ये आला आणि पडद्यावरची, पहिल्या खोलीचा आवाज दाखवणारी हिरवी रेषा सपाट झाली. काचेपलीकडे मास्तर उभे होते. एका हातात दोरीला बांधलेलं खोडरबर, दुसऱ्या हातात माइकची वायर. चेहऱ्यावर चूक कबूल करणारं हसू.

"अडकला," कानसेन म्हणाले. त्यांचा हात सवयीने लाल दिव्याच्या खटक्यावर गेला. मग तिथेच थांबला. "ताईंची किती पानं राहिली?"

"तेरा."

"बारा-तेरा मिनिटं. तोवर टिकणार नाही गं. आठव्या मिनिटाला आवाज फाटायला लागेल." त्यांचं बोट खटक्यावरच होतं. "दिवा लावला तर निदान इथपर्यंतचं राहील. नाही लावला आणि तुझं बटण चुकलं, तर सगळंच जाईल. सांग. लावू?"

भाचीच्या पडद्यावर तीन नंबर होते. पहिली खोली, मधली खोली, तिसरी खोली. वीसदा दाबून पाहिलं होतं. पण त्या वीसांत एकदाही आत कोणी नव्हतं. आज चुकलं तर आत्याचा आवाज तिने स्वतःच्या हाताने मारलेला असेल, आणि तो परत मागायला उद्या असणार नाही. दिवा लावला तर कोणी तिला बोल लावणार नाही. नियम होता तसा. पण मग म्हातारी पायऱ्यांच्या अर्ध्यातच राहील, आणि पुढच्या पायऱ्या दुसरा कोणीतरी आवाज चढेल.

तिने चार ओळींची ती स्क्रिप्ट डोळ्यांपुढे आणली. जावाची ती ओळ डोळ्यांपुढे आणली. एकेक शब्द तिने स्वतः लिहिलेला होता. कुठे कोणाचं ऐकून लिहिलेलं नव्हतं, कुठे 'चालतंय ना' म्हणून सोडलेलं नव्हतं. तिला आपल्या हातांची खात्री वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच, कोणाला न विचारता.

"लावू नका," ती म्हणाली, आणि पहिल्या खोलीचं बटण दाबलं.

पडद्यावरून पहिल्या खोलीचा नंबर गेला. मधल्या खोलीची हिरवी रेषा तिला दिसत होती, पण ती चालू आहे की थिजलेली, हे डोळ्यांना एक क्षण कळेना. मग आत्याने स्वल्पविरामावर श्वास घेतला आणि रेषा उचलली, वाकली, पुन्हा उचलली. कानसेनांनी डोळे मिटून हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. "आहे," ते म्हणाले. "आहे, आहे. एक काडीसुद्धा मोडली नाही." पहिल्या खोलीपुढे नवा नंबर आला. तिसऱ्या खोलीत नट कोणाचा तरी खून करण्यात गुंग होता. त्याला पत्ताही नव्हता.

मास्तर दबक्या पावलांनी बाहेर आले. "माझं काय झालं हो?"

"तुमचं आजचं गेलं, मास्तर. पुन्हा वाचावं लागेल," भाची म्हणाली.

"आणि या दोघांचं?"

"चालू आहे."

मास्तरांनी मधल्या खोलीच्या काचेकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग भाचीकडे. "फक्त माझंच गेलं?" त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "अहो, मग काय हरकत आहे! शाब्बास! लंबक मला पाठच आहे." आणि ते परत जायच्या ऐवजी तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. हात पाठीमागे बांधून, न हलवता.

दहा पस्तीसला म्हातारी शेवटच्या पायरीवर पोचली. दीपगृहाचा दिवा लागला. आत्याने कादंबरीचं शेवटचं वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटलं.

पुस्तक संपलं की वाचकाने तीन श्वास गप्प राहायचं, आणि मग पुस्तक इथे पूर्ण झालं असं सांगून वाचणाऱ्याचं आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव घ्यायचं, अशी तिथली रीत. आत्याने तीन श्वास घेतले. वही पुढे ओढली. आधी तिने स्वतःचं नाव सांगितलं. मग कानसेनांचं पूर्ण नाव, जे माइकपुढे सोडलं तर ऑफिसात कित्येक वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. कानसेन नेहमीप्रमाणे दचकून सरळ बसले, जणू कोणा तिऱ्हाइताची ओळख होत होती. रीत इथे संपत होती. रेषा सपाट झाली. भाचीने खुर्ची मागे सारली.

रेषा पुन्हा उचलली.

"आणि हे वाचन ज्यांच्या कामामुळे पुरं झालं," आत्याचा आवाज आता कडेला फाटत चालला होता, पण शब्द एकही निसटत नव्हता, "त्या आमच्या प्रोग्रॅमर." आणि तिने भाचीचं नाव घेतलं. बटण नव्हे. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरीत घेतलं होतं तसं, ठणठणीत, अक्षरन् अक्षर.

काही मिनिटांपूर्वी काय घडलं, हे आत्याला अजून कोणी सांगितलंही नव्हतं. हे तिने आधीच, वहीत लिहून आणलं होतं.

मग तिने रीतसर 'थांबवा' दाबलं. फाईल पक्की झाली. बोळात मास्तर टाळ्या वाजवायला लागले, आणि नट आपला खून अर्धवट टाकून बाहेर आला.

"हे नियमात बसत नाही," कानसेन खाकरत म्हणाले. "वाचक आणि ध्वनिमुद्रण, दोनच नावं. तिसरं नाव नसतं."

भाचीने विचारलं, "कापणार?"

"मी?" कानसेनांनी हेडफोन काढून तिच्यापुढे ठेवला. "माझा हात काही धजावायचा नाही. तूच तपास बाई, फाईल नीट आहे का. नोंदणी तुझी."

तिने हेडफोन कानांवर चढवला. शेवटचं मिनिट लावलं. आत्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभी होती. गळा मिटलेला, डोळे मात्र भरून बोलत होते. भाचीने एकदा ऐकलं. फाईल नीट होती. दुसऱ्यांदा ऐकलं. तरीही नीट होती.

"झालं ना तपासून?" कानसेन म्हणाले.

"थांबा हो, काका," ती म्हणाली, आणि पुन्हा मागे घेतलं.